जुनी कबर साफ करायची आहे? ॲसिड, तारेचा ब्रश आणि ऑइल पेंट घरी ठेवून या

दर वर्षी तेच होतं. पाऊस गेला, दोन नोव्हेंबरचा ऑल सोल्स डे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की मुंबईतल्या शिवडीच्या ख्रिस्ती सिमेट्रीत लोक बादल्या घेऊन येतात आणि पिशवीत असतं काय, तर तारेचा ब्रश, संडासाचं ॲसिड, सर्फचं पाकीट आणि काळ्या ऑइल पेंटचा छोटा डबा. मन चांगलं असतं हो, पण शंभर वर्षं पावसाने जेवढं नुकसान केलं नाही तेवढं एका सकाळी होतं. हल्ली कॉलेजची मुलं, हेरिटेज वॉकवाले ग्रुपसुद्धा यायला लागलेत, त्यांच्याही चुका याच, फक्त सोबत सेल्फी जास्त.

मी स्वतः हे करून बसलेय म्हणून सांगते. आमच्या सासूबाईंच्या आईची संगमरवरी कबर, दुसऱ्या एका गावात. नवऱ्याने आणि मी त्यावर ॲसिड ओतलं, फेस आला, आम्हाला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हता तो, दगडच होता. वरच्या कोपऱ्यात कोरलेलं गुलाबाचं फूल वापरून झिजलेल्या साबणासारखं झालंय आता. ते परत येत नाही.

खालचा क्रम शिवडी डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय, पण कुठल्याही जुन्या शहरी दफनभूमीला चालेल. क्रम बदलू नका, निम्म्या चुका क्रम चुकल्यानेच होतात. लोक आधी घासतात, मग फोटो काढतात आणि अक्षरं वाचतात सगळ्यात शेवटी. आपल्याला आधी फोटो, मग वाचन आणि घासणं सगळ्यात शेवटी करायचंय.

१. जायच्या आधी

घरची कबर असली तरी आधी सिमेट्रीच्या ऑफिसात सांगा. घरची नसेल तर लेखी परवानगी घ्या, तोंडी नको, कारण शिफ्ट बदलली की गेटवरचा दुसरा माणूस तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही बादली घेऊन कोणाच्यातरी आजोबांच्या डोक्यावर उभे. दफनभूमीत भावना दुखावण्याच्या हेतूने घुसणं हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं २९७ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३०१. तुमचा हेतू तसा नसतो हे मान्य, पण कागद खिशात असला की वाद दोन मिनिटांत मिटतो.

अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कुठल्या कबरी, कुठल्या तारखा, किती माणसं, आणि 'फक्त पाणी आणि मऊ ब्रश वापरू'. शेवटच्या वाक्याने परवानगी पटकन मिळते असा माझा अनुभव.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दगड आतून भिजलेला असतो, शेवाळ ताजं असतं, गवतात साप-विंचू असतात आणि जमीन मऊ असल्याने उभे दगड हलतात. एप्रिल-मेमध्ये दगड इतका तापतो की पाणी टाकताच सुकतं, काही उपयोग नाही. दोन नोव्हेंबरसाठीच साफ करायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करा, आदल्या संध्याकाळी नको, गर्दीत कुणी नीट काम करत नाही.

> थांबा: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे (महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था) एकसारखे दगड आणि इटालियन युद्धकैद्यांचं स्मारक यांना हात लावू नका. त्यांची देखभाल वेगळ्या व्यवस्थेकडे असते.

२. पिशवीत काय

मऊ केसांचे रंगकामाचे ब्रश, २ इंची आणि ४ इंची. जुने मऊ टूथब्रश. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या, बांबूच्या काड्या. नर्सरीत मिळतो तो हातपंपाचा स्प्रे. दोन बादल्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक ब्रश धुवायची. सुती फडकी, पांढरी, रंगीत फडक्याचा रंग ओल्या संगमरवरावर उतरतो. हातमोजे, बंद बूट, टोपी, प्यायचं पाणी. हातात मावेल एवढा आरसा आणि एक काळी चादर, कशाला ते पुढे येईल. मोजपट्टी, वही, पेन्सिल. पेन नको, पाणी उडालं की शाई गेली.

पाणी म्युनिसिपालिटीच्या नळाचं. खाडीजवळच्या बोअरवेलचं पाणी खारट असतं, सुकलं की पांढरे डाग आणि दगडात मीठ. एका उभ्या दगडाला मला १५ ते २० लिटर लागतं, लोक २ लिटरच्या बाटलीत भागवायला बघतात आणि मग घासतात जोरात.

पिशवीत नको: तारेचा ब्रश, काथ्या, स्टीलची घासणी, चाकू, पत्रा, ॲसिड, ब्लीच, फिनेल, कपड्यांची पावडर, व्हिनेगर, लिंबू. 'लिंबू नॅचरल आहे ना' हा प्रश्न दर वेळी येतो. नॅचरल आहे आणि ॲसिडही आहे. प्रेशर वॉशरचं नावही काढू नका.

३. कबर नक्की तीच आहे ना

हसू नका. शेजारच्या कबरीचा दगड वाकून इकडे पडलेला असतो, एकाच आडनावाच्या चार कबरी असतात आणि आजी म्हणाली 'आंब्याच्या झाडाजवळ' तर ते झाड केव्हाच पडलेलं असतं.

ऑफिसातून रजिस्टरवरचा प्लॉट नंबर घ्या, कबरीवर जाऊन तो आणि नाव जुळवा, मग आजूबाजूच्या चार कबरींची नावं वहीत लिहा, वर-खाली-डावी-उजवी. फोनचं लोकेशन झाडाखाली ५-१० मीटर सहज चुकतं, म्हणजे दोन-तीन रांगा, त्यामुळे ही चार शेजाऱ्यांची नावं हाच खरा पत्ता. जुन्या शहरात जागा कमी, त्यामुळे एकाच जागेत नंतर दुसऱ्यांना पुरलेलं असतं, रजिस्टरमध्ये एक नाव आणि दगडावर दुसरं दिसलं तर चूक धरून बसू नका, दोन्ही लिहा.

लष्करातला पूर्वज शिवडीत सापडत नसेल तर पुण्याच्या खडकीतल्या वॉर सिमेट्रीची यादी बघा, १९६२ साली शिवडीतल्या काही लष्करी कबरी तिकडे हलवल्या होत्या. लोक इथे चार-चार शनिवार घालवतात.

४. आधी फोटो, मग काहीही

या टप्प्याआधी एक पानही उचलायचं नाही.

पहिला फोटो लांबून, आजूबाजूच्या कबरींसकट. दुसरा पूर्ण दगडाचा, समोर सरळ उभं राहून, मोजपट्टी बाजूला ठेवून. मग चारही बाजू, मागची बाजू विसरू नका, दगड घडवणाऱ्या दुकानाचं नाव बहुतेक वेळा मागे किंवा खाली पायाशी बारीक अक्षरात असतं आणि ते गवतात लपलेलं असतं. मग मजकुराचे तुकड्या-तुकड्याने फोटो, एकावर एक थोडे येतील असे.

आता आरसा. समोरून पडलेल्या उन्हात झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत, सगळं सपाट. दगडाच्या अगदी कडेने, जवळजवळ समांतर असा प्रकाश टाकला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षरं वर येतात. हे दोन माणसांचं काम आहे, एकाने दूर उन्हात उभं राहून आरशाने कवडसा दगडाच्या कडेवरून सोडायचा, दुसऱ्याने फोटो. झाडाखाली ऊन नसेल तर काळी चादर दगडावर तंबूसारखी धरायची, आत शिरायचं आणि फोनचा टॉर्च दगडाला चिकटवून एका बाजूने मारायचा. बाहेरून फार विचित्र दिसतं, माळीकाका अजून हसतात मला, पण ज्या दगडावर 'काहीच लिहिलेलं नाही' असं तीन जण म्हणाले होते त्यावर मी अशाच चादरीखाली सात ओळी वाचल्यात.

> थांबा: अक्षरात खडू, पीठ, शेव्हिंग फोम, टाल्कम पावडर भरू नका. खडूचे कण भोकात अडकतात, फोममध्ये ॲसिड असतं. कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेणंही नको, दगडाची सुटत आलेली पापडी त्या दाबाने निघते.

५. वाचा आणि जसंच्या तसं उतरवा

हा टप्पा लोक उडवतात, फोटो आहे ना म्हणतात. फोटोतलं नंतर घरी वाचता येत नाही. दगडासमोर बसूनच उतरवा, ओळीला ओळ. दगडावर ओळ तुटलीय तिथेच वहीत तुटली पाहिजे. वाचता न येणारं अक्षर टिंबाने दाखवा, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. अंदाज आणि वाचन एकत्र करू नका, पुढचा माणूस तुमचा अंदाज दगडावरचा मजकूर समजतो.

स्पेलिंग सुधारू नका. मराठी दगडांवर तर अजिबात नाही. जुन्या मराठी मजकुरात 'नांव', 'यांचें', 'त्यांनीं' असे अनुस्वार असतात, ते १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत, चुकीचे नाहीत. आणि हो, ख्रिस्ती मराठी कबरीवर 'ख्रिस्तवासी' लिहिलेलं असताना यादीत 'कै.' टाईप करणारे मी पाहिलेत. सवयीने होतं. पण कैलासवासी आणि ख्रिस्तवासी एक नाही, जे कोरलंय तेच लिहा.

काही शब्द नेहमी फसवतात. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा, अवशेष नाही. 'कॉन्सर्ट' वाटतं ते 'कॉन्सॉर्ट' असतं, म्हणजे पत्नी. ए आणि ई जोडून कोरलेलं अक्षर आणि पुढे आकडा दिसला तर ते वय. गोवेकर आणि काही ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) कबरींवर पोर्तुगीज असतं, तिथे शेवटी पी.एन. आणि ए.एम. अशी आद्याक्षरं आली तर तो कुणाचा हुद्दा नाही, 'पाद्रे नोस्सो' आणि 'आव्हे मारिया' या दोन प्रार्थना म्हणा अशी विनंती आहे. एका यादीत त्या मयताला चक्क 'ए.एम.' पदवीधर केलं होतं.

आता शिशाची अक्षरं. संगमरवरावर काळी, किंचित उठलेली अक्षरं दिसतात ती रंगाची नसतात, शिशाची असतात. कारागीर अक्षराचा आकार खोदतो, त्यात बारीक भोकं पाडतो आणि शिसं ठोकून बसवतो. शिसं गळून पडलं तरी भोकं राहतात. मागच्या डिसेंबरात एका दगडावर नाव पूर्ण गेलेलं होतं, उरली होती फक्त भोकं, सुईने टोचल्यासारखी. भोकांचा फोटो मोठा करून वहीवर ठिपके मांडले आणि रांगोळीसारखे जोडत गेले. इंग्रजी ई आणि एफमध्ये फरक फक्त खालच्या आडव्या रेघेच्या भोकांचा. ती भोकं मातीने भरली होती. टूथब्रशने जोरात घासलं असतं तर माती निघाली असती, आणि शेजारचं अर्धवट सुटलेलं एल अक्षरही तिच्याबरोबर. म्हणून आधी वाचन. जमिनीवर पडलेलं अक्षर सापडलं तर खिशात घालू नका, छोट्या पाकिटात घालून प्लॉट नंबर लिहा आणि ऑफिसात जमा करा. शिसं विषारी असतं, नंतर हात धुवा.

> तपासा – तारीख जुळते का: शिवडीची जागा १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळात घेतली गेली. त्याच्या आधीचं मृत्यूचं साल वाचलंत तर परत कडेचा प्रकाश टाका, ८ चा ३ आणि ६ चा ० सहज होतो. तरीही तेच निघालं तर एकतर आधी दुसरीकडे पुरलेल्या नातेवाइकाचं नाव घरच्या दगडावर घातलंय किंवा दगडच दुसरीकडून आलाय. उलट १८९६ नंतरची चार-पाच वर्षं आणि १९१८ चा शेवट यांच्या तारखा एका रांगेत खूप दिसल्या तर वाचण्यात चूक समजू नका, आधी प्लेग आणि मग इन्फ्लुएन्झा, मुंबईत माणसं तशीच गेली.

प्रसिद्ध माणसाची कबर असेल तर ताळा करणं सोपं. व्हीटी स्टेशनचे (आताचं सीएसएमटी) आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली वारले, गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट १९२६ साली, दोघंही शिवडीतच आहेत. नवशिक्यांना मी सराव म्हणून आधी अशाच दगडांसमोर बसवते, कारण उत्तर आधीच माहीत असतं.

६. दगड कोणता आणि तो धुण्याच्या स्थितीत आहे का

- संगमरवर: पांढरा, गार. ॲसिडने विरघळतो. जुना झाला की कण सुटतात.
- पोरबंदरचा दगड: फिकट पिवळसर, सच्छिद्र चुनखडी. पाणी पितो, हळू सुकतो. हाही ॲसिडने जातो.
- मालाडचा दगड: पिवळसर-तपकिरी. बरा टिकतो पण पापुद्रे सुटतात.
- काळा दगड, म्हणजे बेसाल्ट: सगळ्यात दणकट. पण यावरच लोक सगळ्यात जास्त जोर काढतात, त्यामुळे कडा घासलेल्या दिसतात.
- विटा आणि चुन्याचं प्लास्टर: चौथऱ्यासारख्या जुन्या कबरी. वरची संगमरवरी पाटी वेगळी, खालचं बांधकाम वेगळं.

आता तीन चाचण्या. कोरडं बोट अलगद फिरवा, रवा किंवा साखरेसारखे कण लागले तर धुऊ नका. बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा, पोकळ डबडब आवाज आला तर धुऊ नका. दगडाला तडा असून कडेने तांबूस डाग असेल तर आत लोखंडी खिळा गंजून फुगलाय, खाडीच्या खाऱ्या हवेत हे फार होतं, तिथेही धुऊ नका. फोटो, मजकूर, बस. नोंद झाली म्हणजे तुमचं काम झालं. निम्म्या जुन्या दगडांचं उत्तर 'धुऊ नका' हेच येतं आणि त्यावर आलेले स्वयंसेवक हमखास नाराज होतात.

> थांबा: दगड हलतो का हे ढकलून बघू नका. ३ फूट उंच, २ फूट रुंद, ३ इंच जाड संगमरवरी दगड साधारण ११५ किलोचा असतो. झुकलेल्या दगडासमोर बसायचंच नाही आणि लहान मुलांना त्याच्या जवळ सोडायचं नाही.

७. धुणं

१. कोरडी पानं, माती, मेणबत्तीचं मेण हाताने काढा. मेण जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, गरम पाणी ओतू नका, वितळून दगडात मुरतं.

२. मागच्या बाजूला खाली, तळहाताएवढ्या जागेवर आधी करून बघा. सुकू द्या. कण निघाले नाहीत, रंग बदलला नाही, तरच पुढे.

३. पूर्ण दगड स्प्रेने भिजवा आणि दहा मिनिटं थांबा. परत भिजवा. शेवाळ पाणी पिऊन फुगतं आणि सैल होतं. याच वेळी लोकांना धीर धरवत नाही, चहा प्यायला पाठवा त्यांना.

४. ब्रश खालून वर. वरून सुरुवात केली तर काळं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळतं आणि ते ओघळ बसतात. एक वीतभर पट्टा, गोल-गोल हलका हात, लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचा, मग वरचा पट्टा.

५. अक्षरांच्या खाचेत काडी आडवी धरून, टोक खुपसून नाही. शिशाच्या अक्षरांवर ब्रशही नाही, फक्त पाणी.

६. दगडफूल, म्हणजे ते करडे-पिवळे खडबडीत गोल चट्टे, भिजवूनही निघत नसतील तर राहू द्या. त्यांची मुळं दगडात असतात, खरवडलं की दगडाची साल येते.

७. शेवटी वरून खाली भरपूर पाणी, पांढऱ्या फडक्याने टिपून घ्या, पुसू नका.

थांबायचं कधी? मजकूर वाचता येऊ लागला की. पांढराशुभ्र करायचा नाही. १८८० चा दगड १८८० चाच दिसला पाहिजे, नवीन बाथरूमच्या टाइलसारखा कशाला? आणि दर वर्षी धुऊ नका, पाच-सात वर्षांतून एकदा पुरे, मधल्या काळात फुलं ठेवा आणि पानं झाडा. हारांच्या आतली तार मात्र काढूनच ठेवा, गंजून डाग पडतो. झेंडूचाही पडतो. मेणबत्ती दगडावर नाही, वाळूच्या थाळीत.

८. दुरुस्तीची खाज

इथे जास्त बोलत नाही कारण हे तुम्ही करायचंच नाहीये, पण काय होतं ते कळू दे. तड्यात सिमेंट भरलं की ते जुन्या दगडापेक्षा आणि चुन्यापेक्षा कडक असतं, पाणी सोडत नाही, त्यामुळे ओल बाहेर यायला बाजूचा मऊ दगड शोधते आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंट तसंच आणि दगडाची कड गायब. विटांच्या कबरीवर चुन्याची सफेदी चालते, कारण चुना श्वास घेतो, प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट चालत नाही, आतली ओल अडकून प्लास्टर फुगून पडतं. अक्षरात काळा पेंट भरणारे हौशी तर वेगळेच, एक ओळ नीट भरतात, दुसऱ्या ओळीत अंदाजाने अक्षर 'दुरुस्त' करतात आणि मग कायमचं चुकीचं नाव.

पिंपळाचं रोप सांध्यात उगवलं असेल तर उपटू नका, मुळाबरोबर विटा येतात. जमिनीलगत कापा आणि ऑफिसला लेखी कळवा. पडलेला दगड उचलून उभा करायचा नाही, तुकडे एकत्र, मजकूर वर करून, विटांवर आडवे ठेवा, तेही परवानगीने. पुढचं काम चुन्यात काम येणाऱ्या गवंड्याचं आणि कॉन्झर्वेशनवाल्या आर्किटेक्टचं.

९. घरी आल्यावर, त्याच रात्री

दुसऱ्या दिवशीवर टाकलंत की फोटो कुठल्या कबरीचे हे विसरणार, लिहून घ्या.

फाईलचं नाव: सिमेट्री, प्लॉट नंबर, आडनाव, तारीख, फोटो क्रमांक. एक्सेलमध्ये प्रत्येक कबरीला एक ओळ आणि हे रकाने: प्लॉट, चार शेजारी, दगडाचा प्रकार, स्थिती, मजकूर जसाच्या तसा, तुमचं वाचन, काय केलं आणि काय केलं नाही. शेवटचा रकाना कोणी भरत नाही. 'कण सुटत होते, धुतला नाही' एवढं लिहिलंत तर पुढच्या वर्षीचा उत्साही ग्रुप वाचून थांबेल.

मग रजिस्टरशी ताळा. ब्रिटिश काळातली नावं असतील तर मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफन नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत, वय आणि मृत्यूचं कारण कधीकधी तिथेच मिळतं. ऑनलाइन टाकायचं तर फाइंड अ ग्रेव्ह किंवा बिलियनग्रेव्ह्ज या कबरींच्या नोंदींच्या वेबसाइट आहेत, पण अलीकडच्या कबरी घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, दगडावर हयात मुलांची नावं असतात.

यादीची एक छापील प्रत ऑफिसात द्या, स्पायरल बाइंडिंग करून. पेन ड्राइव्ह नको, आम्ही दिलेला कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच, स्पायरलची वही मात्र काउंटरवर आहे आणि कोणी नाव विचारत आलं की तीच उघडतात.

आणि पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागी उभं राहून चौथ्या टप्प्यातला दुसरा फोटो परत काढा, समोरून, मोजपट्टीसकट. दोन्ही फोटो शेजारी ठेवून तडा किती वाढला ते बघा, मगच बादली भरायची की नाही ते ठरवा.